वेदीसमोर तुमचं नाव

पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. तेव्हापासून तुम्हाला सांगण्यासारखं पुष्कळ साचलं आणि त्यातलं बरंचसं आपोआप शिळंही झालं, पण आज मला तुम्हाला रोमानियातल्या जुन्या सरदारांबद्दल सांगायचंय. हसू नका. तुम्ही वर्गात पेशवे शिकवता शिकवता मधेच कुठल्यातरी तुर्की सुलतानाची गोष्ट काढायचात आणि तास संपला की मुलं विचारायची, सर, हे परीक्षेला आहे का. हेही परीक्षेला नाही. पण माझं लग्न त्याच्यावर अडलं होतं.

आधी आम्ही कुठे आहोत ते सांगतो. तुमच्यामागे मम्मीने नर्सिंगच्या जोरावर ताईला आणि मला घेऊन सिडनी गाठलं. त्या दोघी कॅसल हिलला राहतात. ताई आयटीत आहे, मम्मी एज्ड केअरमध्ये शिफ्ट करते आणि या कोविडमध्ये तिने काय काय पाहिलंय ते ती आम्हाला सांगत नाही. मी युनिसाठी मेलबर्नला आलो आणि युनि मधेच सोडली. लेक्चर लॅपटॉपवर, मित्र लॅपटॉपवर, परीक्षाही लॅपटॉपवर, आणि एकदा ट्यूटरने सगळ्या वर्गासमोर विचारलं की ही असाइनमेंट तुझी तूच केलीस का. मी कॅमेरा चालू केला, त्याला तोंडाला येईल ते बोललो आणि लॅपटॉप मिटला. असाइनमेंट माझी मीच केली होती. नंतर सगळे म्हणाले, एक ईमेल टाक, सॉरी म्हण, मिटेल. मी ईमेल टाकला नाही. मम्मीने फोनवर एवढंच म्हटलं, 'अगदी बापावर गेलायस असं म्हणणार होते, पण तुझा बाप पूर्ण वाक्य ऐकून घेऊन मग चिडायचा.' आता मी ग्लेन वेव्हर्लीच्या एका सुपरमार्केटात ऑनलाइन ऑर्डरी भरतो आणि जुन्या गाडीतून घरोघर पोचवतो. लॉकडाऊनमध्ये असलं काम करणाऱ्याला लोक दारातून हात जोडतात, पप्पा. शिकत होतो तेव्हा माझ्यासाठी कोणी हात जोडले नव्हते.

जिच्याशी लग्न करायचंय ती त्याच शॉपिंग सेंटरमधल्या केमिस्टच्या दुकानात काम करते. मास्कच्या वरचे दोन डोळे, एवढीच ओळख होती सुरुवातीला. मी गरज नसताना व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घ्यायला जायचो. एके दिवशी ती म्हणाली, 'तुला किडनी स्टोन झाला तर माझी नोकरी जाईल. नुसताच बोलायला येत जा.' त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही. तुम्हाला हे सांगताना लाज वाटत नाही, कारण मम्मी सांगते की तुम्ही तिला बघायला तिच्या हॉस्पिटलात रोज वेगळ्या मुलाला ताप आल्याचं सांगून घेऊन जायचात आणि शेवटी मेट्रननेच विचारलं, तुमच्या शाळेत साथ आहे का. आपल्या घरात प्रेमाची सुरुवात औषधांपासूनच होत असावी.

तिला आजोबांनीच वाढवलंय. आजी गेली, आईवडील पर्थला वेगवेगळे. आजोबा रोमानियाचे. तिकडे कम्युनिस्टांनी त्यांच्या घराण्याची जमीन, घर, घोडे, सगळं काढून घेतलं, मग ते कसेबसे इथे आले आणि मोटारीच्या कारखान्यात पत्रे ठोकून म्हातारे झाले. पण खुर्चीत बसतात ते अजून घोड्यावर बसल्यासारखे. त्यांचं घर माझ्या खोलीपासून पाच किलोमीटरच्या आत होतं म्हणून बरं, त्यापलीकडे भेटायला जायची तेव्हा बंदी होती, पोलिसांनी अडवलं असतं. त्या दिवसांत कोणी कोणाच्या घरात जायचं नाही असा नियम होता, फक्त जोडीदाराला सूट होती. सरकारच्या लेखी मी तिचा जोडीदार होतो, आजोबांच्या लेखी नव्हतो. त्यामुळे मी त्यांच्या कुंपणाच्या बाहेर फूटपाथवर, ती व्हरांड्याच्या पायरीवर आणि आजोबा मधे, कुंपणाला लागून खुर्ची टाकून, असे आम्ही रोज दुपारी बसायचो. ते मला नावाने हाक मारत नाहीत. मी कॅथलिक आहे हे कळल्या दिवसापासून त्यांनी माझं नाव लॅटिन ठेवलंय. 'काय रे लॅटिन, दही आणलंस का? आणि या वेळी साखरेचं नको.' मी त्यांना आजोबा म्हणतो. या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, 'अजून ते ठरायचंय.'

त्यांची गोष्ट अशी. त्यांचं घराणं डोंगराळ मुलखातलं, जिथे कित्येक शतकं हंगेरीच्या राजाचा अंमल होता. राजा रोमच्या पोपला मानणारा, म्हणजे आपल्यासारखा लॅटिन. हे लोक पूर्वेकडच्या पंथाचे, ऑर्थोडॉक्स. येशू तोच, मारिया तीच; पण क्रुसाची खूण उलट्या खांद्यापासून, ईस्टर बहुतेक वेळा वेगळ्या रविवारी, आणि पोपचं नाव काढलं की तोंड वाकडं. पुढे राजाने फर्मावलं की ज्याला सरदारकी आणि वतन हवं त्याने लॅटिन व्हावं. तेव्हा आजोबांच्या घराण्यातल्या दोन भावांनी घरात बसून ठरवलं. धाकटा लॅटिन झाला, थोरला होता तसाच राहिला. लोकांसमोर ते कडकडून भांडले, थोरल्याने धाकट्याला भर बाजारात शिव्या घातल्या. पण वतन धाकट्याच्या नावावर आणि नांगर थोरल्याचा, असं पुढे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आणि हे एकाच घरात नव्हतं. आसपासच्या कितीतरी सरदार घराण्यांनी आपला एकेक मुलगा असा तिकडे धाडला होता. ते सगळे राजाच्या सभेत मखमली टोप्या घालून बसायचे, राजाची भाषा बोलायचे, राजाच्या संतांपुढे गुडघे टेकायचे, आणि डोंगरातल्या एखाद्या गावावर गदा यायची वेळ आली की सगळे एकाच बाजूने हात वर करायचे. 'एकमेकांकडे न बघता,' आजोबा बोट उचलून म्हणायचे. 'बघितलं असतं तर तिथेच संपलं असतं.'

त्या धाकट्याने गावात एक छोटं दगडी चर्च बांधायला पैसे दिले, आणि ते चर्च पूर्वेच्या पंथाचं. आतल्या भिंतीवर दोघा भावांचं चित्र आहे म्हणे, दोघांनी मिळून त्या चर्चची प्रतिकृती हातात धरलीय, वाढदिवसाचा केक धरावा तशी. समोरच्या भिंतीवर हंगेरीचे संत राजे, मुकुट-बिकुट घालून. राजाचा माणूस तपासायला आला तर त्याला राजे दिसावेत आणि गावाला भाऊ दिसावेत. आजोबांना लहानपणी वाटायचं की ते दोघे केक घेऊन पळायच्या तयारीत आहेत आणि समोरचे राजे त्यांच्यावर लक्ष ठेवून आहेत.

हे ऐकताना मला वसईचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी पाचवीत आहे. मी एका मुलाच्या तोंडावर दप्तर मारलंय, कारण तो मला म्हणाला की फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी तुमच्या लोकांनी प्यायलं म्हणून तुम्ही ख्रिस्ती झालात, तुम्ही पावाचे. त्याचा ओठ फुटलाय. हेडमास्तरांनी तुम्हाला बोलावून घेतलंय, तुम्ही त्याच शाळेत शिकवता म्हणून तर आणखीच लाज. घरी येऊन तुम्ही मला मारत नाही. मम्मी ड्यूटीवर आहे, तुम्ही भिजवलेल्या वालांची परात माझ्यापुढे सरकवता, दुसऱ्या बाजूने स्वतः सोलायला बसता आणि बऱ्याच वेळाने म्हणता, 'पाव पडला म्हणून कोणाचा धर्म बदलत नाही. माणसं भिऊन बदलतात, जमिनीसाठी बदलतात, खरोखर पटलं म्हणूनही बदलतात. आपल्या कोणत्या पणजोबाने काय विचार केला ते तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. ज्याचा विचार ठाऊक नाही त्याच्या वतीने तू लोकांचे ओठ कशाला फोडतोस?' मी विचारतो, 'मग त्याने म्हटलेलं ऐकून घ्यायचं?' तुम्ही म्हणता, 'ऐकून घे. तो खोटं बोलतोय हे त्याला दहावीत कळेल. इतिहास मीच शिकवणार आहे त्याला.'

आणि त्याच स्वयंपाकघरात, बावखलांच्या भानगडीच्या वेळी, मागच्या दाराने यायचे ते काका. ती गावातली तळी उपसून टँकर भरून नेत होते, त्याविरुद्ध पंचायतीत मतदान व्हायचं होतं. काका देवळाच्या विश्वस्तांतले, तुम्ही चर्चच्या कमिटीत, आणि निवडणुकीत तुम्ही दोघं समोरासमोरच्या पक्षांचे. रस्त्यात एकमेकांना ओळख द्यायचा नाहीत. पण मागच्या दाराने ते आले की तुम्ही स्टुलावरचं पीठ झटकून त्यांना बसायला द्यायचात आणि मम्मी कोऱ्या चहात लिंबू पिळायची. जाताना ते दर वेळी केळीची फणी ठेवून जायचे, म्हणजे कोणी पाहिलंच तर केळी द्यायला आले होते. तुम्ही म्हणायचात, आमचं आणि त्यांचं कूळ एकच, मधे फक्त समुद्र पार करून एक राज्य येऊन गेलं. आजोबांना मी हे सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, 'आणि मतं?' मी म्हटलं, 'टँकर बंद झाले.' ते नातीकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, 'म्हणाले, याचा बाप बरा माणूस दिसतो.'

पुढच्याच आठवड्यात त्यांनी अट सांगितली. नातीशी लग्न करायचं असेल तर मी त्यांच्या पंथात यायचं. फादर येऊन पवित्र तेल लावतील, कपाळाला, डोळ्यांना, हातांना, एवढंच. बाप्तिस्मा पुन्हा घ्यायला नको, ख्रिस्ती तर मी आहेच, फक्त चुकीच्या बाजूचा. त्यांना गुडघ्यांचं, हृदयाचं, सगळ्याचंच दुखणं होतं आणि वय झालेलं. त्यांना नातीचं लग्न आपल्या वेदीसमोर पाहायचं होतं. मी तिथल्या तिथे म्हटलं, 'हो. उद्या बोलवा फादरना.' मला वाटलं ती खूश होईल. आजोबा आत गेल्यावर ती पायरीवरून उठून कुंपणापाशी आली आणि मास्कमधूनही मला दिसलं की तिचा जबडा घट्ट झालाय. 'इतक्या लवकर हो म्हणालास?'

'मग काय म्हणायचं होतं?'

'मला विचारायचं होतंस. तुझ्या आईला विचारायचं होतंस. तू लॅपटॉप मिटलास तसं हो म्हणालास. उद्या माझ्याशी भांडण झालं की असंच मिटून निघून जाशील.'

मी म्हटलं, 'तुझ्यासाठी मी काहीही करीन.'

'तेच तर मला नकोय. काहीही नको. एक काहीतरी नीट कर.'

तरी मी तयारीला लागलो. खोलीतल्या आरशासमोर उभा राहून मी तीन बोटं जुळवून त्यांच्या पद्धतीने क्रुसाची खूण करायला शिकलो, कपाळ, पोट, मग उजवा खांदा आणि मग डावा. पहिले काही दिवस हात आपोआप डावीकडेच जायचा, मग वळला. घरी मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. राज्यांच्या सीमा बंद होत्या, मम्मीला मी वर्षभर प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं, आणि फोनवर रोज तेच बोलणं व्हायचं, जेवलास का, लस घेतलीस का.

मग तुमची पुण्यतिथी आली. वसईतली चर्चेस बंद होती, म्हणून फादरनी तुमच्या नावाची मिस्सा मोबाइलवरून दाखवली. आम्ही तिघं एका व्हिडिओ कॉलवर होतो, मम्मी नुकतीच शिफ्टवरून आलेली, गालांवर अजून मास्कचे वळ. एका बाजूला आपलं चर्च, रिकामी बाकं, फादरच्या मागे कोणीतरी झाडू विसरलेला. फादरनी तुमचं नाव घेतलं. मी हात उचलला, आणि तो उजव्या खांद्यावर गेला. मिस्सा संपल्यावर मम्मी म्हणाली, 'पुन्हा कर बघू ती खूण.'

ताई मधे पडली. 'मम्मी, फोनमध्ये आरशासारखं दिसतं. उलटं दिसतं सगळं.'

मम्मी म्हणाली, 'त्याच्या मागचं कॅलेंडर मला सुलट वाचता येतंय.'

मग मी सगळं सांगितलं. ती, आजोबा, तेल, आणि दोन भाऊ. मला वाटलं होतं मम्मी रडेल, नाहीतर फोन ठेवेल. तिने चष्मा काढून पुसला. 'मुलगी कशी आहे?' मी म्हटलं, 'माझ्यापेक्षा शहाणी.' 'ते कोणीही असेल,' ती म्हणाली. 'हे बघ, येशू इकडचा तिकडे गेला नाही, मला त्याची काळजी नाही. मला एकच सांग. नोव्हेंबरात मी तुझ्या पप्पांच्या नावाने मेणबत्ती लावते, मिस्सा सांगते. ताई सांगेल न सांगेल, तिचं मला ठाऊक नाही, तिला मीटिंगा असतात.' 'मम्मी,' ताई म्हणाली. 'थांब तू,' मम्मी तिला म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. 'मी नसले की तुझ्या त्या चर्चमध्ये त्यांचं नाव घेतील का? जा, विचार. घेत असतील तर खुशाल लाव तेल.'

मी दुसऱ्याच दिवशी दही घेऊन गेलो आणि कुंपणाबाहेरून विचारलं. आजोबा खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, 'नाही. मेलेल्यांची नावं वेदीसमोर वाचतात ती आमच्या पंथात वारलेल्यांची. तू आमचा झालास तर तुझं वाचतील, तुझ्या मुलांचं वाचतील. तुझ्या वडिलांसाठी तू घरी हवी तेवढी प्रार्थना कर, कोणी अडवणार नाही.' मी म्हटलं, म्हणजे मी आत आणि ते बाहेर? ते म्हणाले, 'नियम मी केलेला नाही.' बस, माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुमचे ते केकवाले भाऊ ढोंगी होते म्हणालो, जमिनीसाठी देव विकणाऱ्यांच्या नातवाने मला नियम सांगू नयेत म्हणालो. फूटपाथवरच्या त्यांच्या रिसायकलिंगच्या डब्याला लाथ मारली, तो पडला आणि दह्याचे रिकामे डबे रस्त्यावर गडगडत गेले. आजोबा खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, 'काय नाव होतं तुझ्या वडिलांचं?' मी ते ओरडूनच सांगितलं. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. 'मी येत नाही तुमच्या पंथात,' म्हणालो, 'ठेवा तुमचं तेल.' आणि मग, पप्पा, मला ते सगळे डबे गोळा करावे लागले, कारण रस्त्यावर गाड्या येत होत्या, आणि ती पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. मदतीला उठली नाही.

त्यानंतर तिचा फोन नाही, मेसेज नाही. दुकानात गेलो तर ती काचेच्या मागून म्हणायची, 'नेक्स्ट प्लीज.' आजोबांच्या ऑर्डरी मीच भरायचो, दही बिनसाखरेचंच आहे ना ते दोनदा बघायचो, पण पोचवायला दुसऱ्याला पाठवायचो. मम्मीला मी सांगितलं की नाही म्हणालो. ती म्हणाली, 'तुझ्या पप्पांना बरं वाटलं असेल.' आणि त्यानंतर तिने मला रोज दोनदा फोन करायला सुरुवात केली, सकाळी आणि शिफ्टच्या मधल्या सुट्टीत, बहुधा मी जेवत नाही हे तिला कळलं असावं.

मग एका शनिवारी सकाळी आजोबांच्या नातीकडून एक लिंक आली. शब्द एकही नाही. उघडली तर त्यांचं चर्च. दाढीवाले फादर, एक गाणारा, बाकी कोणी नाही. टेबलावर उकडलेल्या गव्हाची साखर घातलेली मूद, तिच्यात खोवलेली एक मेणबत्ती. मेलेल्यांसाठीची प्रार्थना होती. लोकांना येता येत नव्हतं म्हणून घरोघरच्यांनी फोन करून आपापल्या माणसांची नावं सांगितली होती आणि फादर ती एका चालीत म्हणत होते. मला त्या भाषेतलं काही कळत नाही. तिच्या आजीचं नाव मला ठाऊक होतं, ते आलं, आणि त्याच्या लगेच पुढे एक लहानसं, दोन अक्षरांचं नाव. पप्पा, तुमचं नाव संताचं आहे. आपल्या घरी ते पोर्तुगीज वळणाचं, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी, आणि त्यांच्या भाषेत ते दोन अक्षरांत आटपतं, हे तिनेच मला कधीतरी गमतीत सांगितलं होतं. मी म्हटलं, असेल कोणीतरी. सर्रास नाव आहे. पण मी गाडीची किल्ली घेतली होती आणि चपला घातल्या होत्या हे मला रस्त्यात कळलं.

आजोबा कुंपणाशीच बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'लॅटिन, डब्याला पोचा पडलाय.' मी म्हटलं, सॉरी. हा शब्द मी त्या ट्यूटरलाही म्हणालो नव्हतो. मग मी विचारलं, ते नाव कोणाचं होतं? 'आमच्या घराण्यातलं,' ते म्हणाले. 'त्या नावाचे आमच्यात पुष्कळ होऊन गेले.'

पायरीवरून ती म्हणाली, 'एकही नाही.'

आजोबा त्यांच्या भाषेत तिला काहीतरी बोलले, ती इंग्रजीतच म्हणाली, 'सांगणार मी त्याला. तो आता घरातला आहे.' आणि तिने मला दोघा भावांच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला, जो ते बाहेरच्यांना सांगत नाहीत. धाकटा मेला तो लॅटिन म्हणून, लॅटिन नावाने. त्याचं नाव पूर्वेच्या वेदीसमोर घेता येईना. तेव्हा थोरल्याने त्याचं जुनं, लहानपणचं नाव पुजाऱ्याला सांगितलं, आमच्या घराण्यातला एक, एवढंच. पुजाऱ्याने विचारलं नाही. त्या मुलखातल्या इतर घराण्यांनीही आपापल्या लॅटिनांची नावं तशीच आत घेतली. सभेत जे एकत्र हात वर करायचे ते मेल्यावरही असे एकत्र राहिले, आणि राजाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. 'काल फादरना फोन केला यांनी,' ती म्हणाली. 'मला वाटलं आजीचंच नाव सांगतील. मग म्हणाले, आणखी एक आहे, घरातलाच.'

मी म्हटलं, 'आजोबा, मी तेल लावून घेतो.'

'नको,' ते म्हणाले. 'तू लॅटिनच राहा. घरात सगळेच एका बाजूला गेले तर लपवायला काय उरलं? लग्न आमच्या वेदीसमोर होईल, ते फादर करतील, मी विचारलंय. आणि हे नावाचं कोणाला बोलायचं नाही. फादरनासुद्धा नाही. मुख्य म्हणजे फादरना नाही.' मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'वडिलांसाठी तू हिच्यावर पाणी सोडायला निघालास. तसा मुलगा मला चालतो.' ती उठली आणि तिने फाटकाची कडी काढली. सरकारची सूट मला पहिल्यापासून होती, पप्पा. त्या दिवशी ती लागू झाली.

आता देशाच्या सीमा उघडायच्या गोष्टी चालल्यात. मम्मीने वसईचं तिकीट बघायला घेतलंय. ती मला म्हणाली, पप्पांना काही द्यायचं असेल तर दे, थडग्यावर ठेवीन. म्हणून हे लिहायला घेतलं. पण लिहिता लिहिता कळलं की हे तिच्या हाती देता येणार नाही, ती विमानातच उघडून वाचेल. आणि तिने तर नातेवाइकांच्या ग्रुपवर केव्हाच टाकून दिलंय की माझ्या मुलाने बापासाठी मुलगी सोडायची तयारी ठेवली होती. आजोबाही तेच समजतात. त्यांची नातही तेच समजते, आणि ते समजल्यापासून माझ्याकडे अशी बघते की मी काही दुरुस्त करायला धजत नाही. तुम्हाला म्हणून सांगतो. त्या दिवशी कुंपणापाशी मला तुमची आठवण नव्हती. मला 'नाही' म्हटलेलं ऐकवत नाही, एवढंच होतं ते. तुम्ही समोर असतात तर परात सरकवून मला वाल सोलायला बसवलं असतंत. तुमचं नाव त्यांनी ज्या भरवशावर आत घेतलं, तो भरवसा मी आता कमावतोय, रोज थोडा थोडा, आणि तो पुरा होईपर्यंत तुम्ही कोणाला काही सांगू नका.